वरामीनची भिंत आणि आजीची बरणी

आज आपल्याला जरा लांब जायचंय, थेट इराणात. पण निघायचं ते आपल्या जवळच्या बीदरहून.

दोन वर्षांमागं आमच्या उदगीर भागातल्या तीन बचत गटांनी मिळून बीदरची सहल काढली होती. झरणी नरसिंहाचं दर्शन झालं, किल्ला पाहून झाला, डबे सोडून जेवणं झाली. मग गावातल्या महमूद गवानच्या मदरशासमोर येऊन थांबलो. मदरसा म्हणजे त्या काळचं मोठं विद्यालय. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान हा मूळचा इराणातल्या गिलानचा. त्यानं १४७२ साली ही इमारत बांधून घेतली आणि आपल्या मुलखाच्या रीतीनं ती बाहेरून रंगीत टाइल्सनी मढवली. निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या. आज त्यातल्या थोड्याच जागेवर आहेत. बाकी भिंत उघडी.

आमच्या गटातल्या एक मावशी बराच वेळ मान वर करून बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, एवढ्या टाइल्स गेल्या कुठं?” मी सांगितलं, औरंगजेबाच्या काळात, १६९६ साली, इथं साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला, एक मिनार आणि पुढची बरीच बाजू कोसळली, उरलेल्या टाइल्स ऊन-पावसानं गेल्या. मावशींचं समाधान झालं नाही. “अन् माणसांनी नाही नेल्या व्हय?” असं म्हणून त्या पुढं निघाल्या.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या मागं लागून वाचता वाचता मी दुसऱ्याच एका भिंतीपाशी पोहोचले. ती भिंत स्फोटानं उघडी पडलेली नाही. माणसांनी एकेक टाइल काढून ती उघडी केली, आणि त्यातली बरीचशी नक्षी आज कुणाच्या संग्रहात आहे तेही सांगता येतं.

इराणची राजधानी तेहरान. तिच्या दक्षिणेला, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर वरामीन नावाचं गाव आहे. तिथं इमामजादा याह्या यांची कबर आहे. इमामजादा म्हणजे इमामांच्या वंशातला पुरुष. आपल्याकडे दर्गा असतो तसंच हे ठिकाण समजा. घुमटाखाली कबर, भोवती दफनभूमी, नवस बोलायला आणि दोन घटका बसायला येणाऱ्या बाया. आजही येतात.

या घुमटाच्या आत, भिंतीच्या खालच्या पट्ट्यात, १२६२ साली टाइल्स बसवल्या गेल्या. एक टाइल आठ टोकांच्या चांदणीची, शेजारची फुलीची. चांदणीच्या खाचेत फुलीचं टोक बरोबर बसतं, आपण गोधडीला ठिगळं जुळवतो तसं. एकेक चांदणी फूटभर रुंद. मध्ये वेलबुट्टी, कडेनं कुराणातल्या ओळी, आणि काही टाइल्सवर साल आणि महिनाही लिहिलेला. रंग मातकट सोनेरी. समोरून बघितलं तर तपकिरी वाटतो, मान कलती केली की सोन्यासारखा झळकतो. अंधाऱ्या घुमटात दिव्याच्या उजेडात त्या भिंतीकडे बघताना बायांना काय वाटत असेल, याची मी पुष्कळदा कल्पना केली आहे.

आता ऐका, त्यात सोनं अजिबात नाही. हेच तर त्या कारागिरांचं कसब.

आपण ‘चिनी माती’ म्हणतो ना, त्या शब्दातच ही गोष्ट दडलेली आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी चीनहून पांढरीशुभ्र, टणक भांडी जहाजांतून इराकात उतरत. तिथल्या कुंभारांकडे तशी माती नव्हती. त्यांची माती पिवळसर. मग त्यांनी काय केलं? पिवळ्या भांड्यावर कथील घातलेली काचेची झिलई चढवली, म्हणजे भांडं पांढरं दिसू लागलं. कथील म्हणजे तेच, ज्यानं कल्हईवाला आपली पितळी भांडी आतून पांढरी करायचा. त्या पांढऱ्या अंगावर मग चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढायची आणि भांडं दुसऱ्यांदा भट्टीत घालायचं. या वेळी भट्टी नीट पेटू द्यायची नाही, धूर कोंडायचा. धुरानं त्या धातूचा अगदी पातळ थर झिलईत उतरतो. भट्टी उघडल्यावर भांडं काळवंडलेलं, मळकट दिसतं. ते चोळून पुसलं की खालून चमक येते. धूर कमी झाला तर रंग उठत नाही, जास्त झाला तर सगळी भट्टी वाया. पापड भाजताना एका क्षणात करपतो ते आपल्याला माहीत आहे. इथं महिन्यांची मेहनत करपायची.

ही विद्या पुढं इराणातल्या काशान शहरात फार वाढली. काशानवरून फारसीत टाइलला नावच ‘काशी’ पडलं. (आपली विश्वनाथाची काशी वेगळी.) काशानमध्ये अबू ताहिर नावाचं एक कुंभाराचं घराणं होतं. चार पिढ्या बाप-लेकांच्या सह्या असलेलं काम सापडतं. याच घराण्यातला अबुल कासिम हा लिहिण्या-वाचण्याकडे वळला, मंगोल राजाच्या दरबारी इतिहासकार झाला, आणि त्यानं १३०१ साली घरची विद्या लिहून ठेवली. दहा भाग कुटलेली गारगोटी, एक भाग काचेचं पीठ, एक भाग पांढरी माती, असं प्रमाणच त्यानं दिलंय. शिकल्यासवरल्या मुलानं घरचा धंदा सोडला खरा, पण वही लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला हे कळतं.

सह्या मात्र सगळ्या पुरुषांच्या आहेत. गारगोटी कुणी कुटली, माती कुणी चाळली, ते कुणी लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या कुंभारवाड्यात बघा. माती मळायला, वाळवायला, रंगवायला बाई हवी. चाकाला मात्र तिनं हात लावायचा नाही, अशी रीत कितीतरी घरांत होती. काशानला वेगळं असेल असं मला वाटत नाही, पण हे माझं मत झालं.

वरामीनच्या टाइल्स बसल्या तो काळही ध्यानात घ्या. चारच वर्षांपूर्वी, १२५८ साली, मंगोलांनी बगदाद लुटलं होतं. त्याआधी इराणातली शहरंच्या शहरं त्यांच्या घोड्यांखाली गेली होती. अशा दिवसांतून उठून लोकांनी भट्ट्या पुन्हा पेटवल्या आणि आपल्या पिराच्या घुमटाला असा साज चढवला. १२६५ साली तिथं मिहराब बसवला. मिहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारी भिंतीतली कमान. हा मिहराब पावणेचार मीटरहून उंच, सोनेरी झळाळीत गर्द निळा आणि फिरोजी रंग मिसळलेला. त्यावर अली नावाच्या कारागिराची सही आहे, तो त्याच अबू ताहिर घराण्यातला. चाळीस वर्षांनी, १३०५ साली, त्याच्या मुलानं, यूसुफनं, कबरीवर बसवायच्या टाइल्स केल्या. बापानं कमान केली, लेकानं कबर सजवली.

सहाशे वर्षं हे सगळं जागेवर होतं.

मग युरोपात या वस्तूंचं वेड सुरू झालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर श्रीमंत लोकांना पूर्वेकडची जुनी भांडी, टाइल्स, गालिचे घरात मांडायची हौस लागली. संग्रहालयांनाही हव्या होत्या, कारण तिकडच्या कारखान्यातल्या कारागिरांना त्यावरून नक्षी शिकवायची होती. इराणात त्या वेळी एक ब्रिटिश अधिकारी होता, रॉबर्ट मर्डॉक स्मिथ. काम काय, तर तारायंत्राच्या लाइनीची देखरेख. ही लाइन कुठली? लंडनहून इराणमार्गे हिंदुस्थानला तारा पाठवायची. १८५७ नंतर इंग्रजांना आपल्याकडची खबर झटपट हवी होती, म्हणून ती ओढली गेली. म्हणजे आपल्यावर राज्य करायला टाकलेल्या तारेच्या वाटेनंच इराणची नक्षी लंडनला गेली. १८७३ पासून मर्डॉक स्मिथ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठी वस्तू विकत घेऊ लागला. आज त्या संग्रहालयाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात. वरामीनच्या चांदण्या तिथं आहेत.

विकत घेतल्या, हे खरं. पावत्या असतील, हिशेबही असेल. पण विकल्या कुणी? दर्ग्याची भिंत कुणा एकाच्या मालकीची असते का? रात्रीतून कुणीतरी टाइल काढायचा, तेहरानच्या बाजारात व्यापाऱ्याला द्यायचा, व्यापारी साहेबाला. साहेबाच्या हातात येईपर्यंत ती ‘खरेदी’ झालेली असायची. आणि काढणाऱ्यालाही मला सरसकट वाईट म्हणवत नाही. १८७०-७१ च्या सुमारास इराणात भयंकर दुष्काळ होता. चांदणी देऊन धान्य आणणारं एखादं घर वरामीनमध्ये नसेलच, असं कसं म्हणावं?

१८८१ साली जेन ड्यूलाफुआ नावाची एक फ्रेंच बाई वरामीनला आली. तिचंही नवल ऐका. केस कापून, पुरुषी कपडे घालून, नवऱ्याबरोबर घोड्यावरून तिनं इराण पालथा घातला आणि प्रवासाचं मोठं पुस्तक लिहिलं. ती पोहोचली तेव्हा खालच्या पट्ट्यातल्या टाइल्सची चोरी झालेली होती. मिहराब मात्र अजून भिंतीत होता.

पुढच्या वीस वर्षांत तोही गेला. १९०० साली तो पॅरिसमध्ये होता. नंतर हागोप केवोर्कियन नावाच्या, न्यूयॉर्कमध्ये पेढी असलेल्या आर्मेनियन व्यापाऱ्याकडे. त्याच्याकडून १९४० साली तो घेतला एका बाईनं.

डोरिस ड्यूक तिचं नाव. अमेरिकेतल्या तंबाखूच्या कारखानदाराची एकुलती लेक, बारा वर्षांची असताना बाप वारला आणि अफाट संपत्तीची मालकीण झाली. १९३५ साली लग्नानंतर जगप्रवासाला निघाली, हिंदुस्थानात आली, गांधीजींना भेटली, ताजमहाल पाहिला आणि त्या कारागिरीनं वेडीच झाली. मग हवाई बेटावर होनोलुलूला, समुद्राच्या कडेला, तिनं घर बांधलं आणि आयुष्यभर ते इराण, सीरिया, तुर्कस्तान, मोरोक्को, हिंदुस्थान इथल्या वस्तूंनी भरत राहिली. घराचं नाव शांग्री-ला. वरामीनचा मिहराब त्या घराच्या भिंतीत बसवला. १९९३ साली ती गेली. आता ते घर संग्रहालय आहे, तिकीट काढून बघता येतं.

आणखी एका बाईचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. लंडनजवळच्या फ्रेडरिक गॉडमन या गृहस्थानं फुलपाखरं आणि पक्षी जमवता जमवता इराणी आणि तुर्की भांडीही जमवली, सहाशेंच्या वर. १९१९ साली तो वारला. त्याच्या मुलीनं, एडिथनं, तो संग्रह साठ वर्षांहून अधिक काळ घरात सांभाळला, एकही भांडं इकडचं तिकडं न होऊ देता. तिच्या पश्चात १९८३ साली तो ब्रिटिश म्युझियमकडे आला. फुटणारी सहाशे भांडी साठ वर्षं पुसायची, जागच्या जागी ठेवायची. संग्रह करणाऱ्याचं नाव पाटीवर लागलं, ते बापाचं.

मग या लोकांना काय म्हणायचं? चोर की राखणदार? आमच्या बैठकीत यावर वाद झाला. एक जण म्हणाली, तिथंच राहिल्या असत्या तर भूकंपानं, ओलीनं पडून गेल्या असत्या. निदान काचेच्या कपाटात आहेत. तेही खोटं नाही. वरामीनच्या टाइल्सवर आज जो अभ्यास होतो तो बराचसा त्या कपाटांमुळेच होतो. पण गोधडीची ठिगळं सुटी करून एकेक नातवाला वाटली, तर प्रत्येकाकडे कापड असतं, ऊब कुणाकडेच नसते. चांदण्या लंडनला, अमेरिकेत आणि इतर कितीतरी देशांत विखुरल्या. कबरीवरच्या टाइल्स रशियात सेंट पीटर्सबर्गला. मिहराब समुद्रापलीकडे हवाईत. आणि घुमटात, जिथं बाया नवस बोलायला येतात, तिथं मिहराबाच्या जागी नुसती भिंत. वरच्या बाजूला चुन्यात कोरलेली अक्षरांची पट्टी तेवढी राहिली, कारण ती काढून नेता येत नव्हती. माझं मन त्या भिंतीच्या बाजूनं आहे, हे मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र त्या कारागिरांच्या शहाणपणानं वाचली. त्यांनी साल लिहिलं, सही केली. म्हणून निदान ओळख पटते. जमिनीतून उकरून काढलेल्या हजारो वाडग्यांचं तसं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेहरानजवळच्या रय शहराच्या अवशेषांत व्यापाऱ्यांनी माणसं लावून खड्डेच खड्डे केले. भांडं कुठल्या घरात, कुठल्या थरात, कशाशेजारी सापडलं, याची नोंद नाही. फुटकी असली तर दोन वेगळ्या वाडग्यांचे तुकडे जोडून, मधल्या भेगा लेप लावून रंगवायच्या आणि अखंड म्हणून विकायचं, हा तर धंदाच झाला. आज तज्ज्ञ जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली भांडं धरतात, तेव्हा नवा लेप वेगळाच चमकतो आणि पितळ उघडं पडतं. मोठमोठ्या संग्रहांतली भांडी अशी ‘जोडलेली’ निघाली आहेत. पैसेवाला फसला याचं मला फारसं वाईट वाटत नाही, पण खड्ड्याबरोबर जी माहिती गेली ती कायमची गेली.

आता माझ्या आजीची बरणी.

वर तपकिरी, खाली पांढरी, अशी चिनी मातीची मोठी बरणी आमच्या जुन्या घरात चुलीशेजारच्या फळीवर असायची. कैरीचं लोणचं त्यातच. झाकणावर पांढरं फडकं, त्याला सुतळी. आजीला ती तिच्या आईनं पहिल्या बाळंतपणाला दिली होती, बैलगाडीत कडब्यात गुंडाळून. मी बारावीत असताना एक फेरीवाला आला. जुनं काय असेल ते घेतो म्हणाला. घरात आजी आणि मी दोघीच. साठ रुपये आणि एक प्लास्टिकची बादली, एवढ्यावर सौदा झाला, आणि तो करायला आजीला मीच भरीला घातलं. बादली नवी होती, लाल होती. आजी काही बोलली नाही. पुढं त्या वर्षीचं लोणचं प्लास्टिकच्या डब्यात घातलं आणि त्याला बुरशी आली. गेल्या वर्षी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात तशाच बरण्या दिवे लावून मांडलेल्या बघितल्या. विकायच्या आहेत का विचारलं, तर दोन हजार म्हणाले. मला पैशांचं एवढं लागलं नाही. तिथल्या पोराला विचारलं, कुठून आणल्या? तो म्हणाला, “असंच, खेड्यापाड्यातून.” कडब्यात गुंडाळून आणणारी ती आई त्या ‘असंच’मध्ये गेली.

म्हणून दोन कामाच्या गोष्टी सांगते. शेत नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया घेताना नाण्यांचं मडकं, मूर्ती असं काही सापडलं तर ते आपलं म्हणून ठेवता येत नाही आणि गुपचूप विकताही येत नाही. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तलाठ्यापासून सुरुवात करा, अर्जाची पोच घ्या, आणि सापडल्या जागेचा फोटो आधी काढा, वस्तू हलवायच्या आधी. दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणं शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, भांडी, कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. दारात येणाऱ्याला तो दाखवायला सांगा. बहुतेक जण तिथूनच मागं फिरतात.

आमच्या गटानं बचतीच्या रजिस्टराशेजारी एक दोनशे पानी वही घातली आहे. घरात जुनी वस्तू कोणती, कुणी आणली, कुठून आणली, घरात कुठं ठेवलेली असते, एवढे चार रकाने. फोटो मोबाइलवर. विकायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. अडचणीच्या वेळी विकावंही लागतं. पण आधी वहीत लिहायचं. मावशींनी दगडी उखळ लिहवलं, सासूच्या सासूनं डोक्यावर घेऊन आणलेलं. एकीनं जात्याचा खुंटा, एकीनं तांब्याचा बंब. पहिल्या पानावर पहिली ओळ माझी आहे. चिनी मातीची बरणी. आणली आजीच्या आईनं, बैलगाडीतून. जागा चुलीशेजारची फळी. फोटो नाही.